टाच बाहेर

माझी आत्या गाद्यांच्या कारखान्यात काम करते आणि झोपेत चालते. पहिली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, दुसरी फक्त घरच्यांना. बाबा म्हणतात, "ताई जगाला झोपवते आणि स्वतः फिरायला निघते." बाबा तिचे धाकटे भाऊ. आत्यानं लग्न केलं नाही. ती आमच्याच घरात, जिन्याशेजारच्या खोलीत राहते.

तिचं काम गादीच्या कडेला जाड पट्टी शिवण्याचं. गादी टेबलावर पडून असते, मशीन तिच्याभोवती हळूहळू फिरतं आणि आत्या मशीनबरोबर फिरते. हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगत असतात, खिडकीतून ऊन आलं की तेवढेच चमकतात. दिवसभर अशी फिरून ती घरी येते तेव्हा तिच्या केसांत पांढरी लव असते आणि नजर कुठेतरी लांब लागलेली असते. तिला काही विचारलं की उत्तर येतं, पण जरा उशिरा, जणू निरोप लांबून यावा तसं.

लहानपणी ती झोपेत दार उघडून बाहेर पडायची. म्हणून आजी तिच्या घोट्याला मऊ कापडाची पट्टी बांधायची आणि दुसरं टोक खाटेला. एकदा ती तशीच उठून चालू लागली आणि तोंडावर आपटली. पुढच्या दाताचा कोपरा तेव्हा उडाला. मोठेपणी चालणं जवळजवळ थांबलं, पण पायाला काही अडकलं की ती आजही कासावीस होते. नाडीचे बूट घालत नाही. पांघरुणाची कड गादीखाली खोचलेली चालत नाही. गाद्यांच्या कारखान्यातल्या बाईला हे शोभत नाही, असं आई तिला चिडवते.

दोन-अडीच वर्षांपूर्वी कारखाना टेकडीपलीकडे गेला. कारखान्याची बस टेकडीला वळसा घालून जायची आणि वळणांवर आत्याला उलट्या व्हायच्या. मग कोणीतरी सांगितलं की जंगलातून एक पायवाट टेकडीवरून सरळ पलीकडे उतरते. आत्यानं जुनी, जाड टायरची, पुढे झटके शोषणारी सायकल घेतली. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. पहिले काही दिवस तिच्यावर सायकल ओढत न्यायचीच वेळ जास्त यायची; चढावर ती उतरून ढकलायची, उतारावर ब्रेक धरून धरून बोटं दुखवून घ्यायची. पण तिला ते आवडलं. "वर पोचलं की डोकं रिकामं होतं," ती म्हणायची, "झोपेआधी होतं ना, तसं."

अडचण उताराची होती. तिथे झाडांची मुळं वाटेवर आडवी आलेली. सायकल उडाली की पाय पेडलवरून निसटायचा आणि पेडल गर्रकन फिरून नडगीवर बसायचं. तिच्या नडग्यांची चाळण झाली. आई मलम लावता लावता म्हणाली, "वन्सं, सायकल बदला नाहीतर पाय बदला."

आत्या सायकलच्या दुकानात गेली. दुकानदार साठीचे, तरुणपणी शर्यती खेळलेले, बोलायला मिळालं की हातातलं काम विसरणारे. त्यांनी काउंटरवर पेडलचे दोन जोड ठेवले. एक रुंद, सपाट, वर बारीक काटे असलेला. बुटाचा तळ त्यात रुतून बसतो. दुसरा लहानसा, पोटात स्प्रिंग असलेला.

"याच्यासाठी वेगळे बूट," ते म्हणाले. "तळाशी लोखंडाची एक छोटी पट्टी असते. पुढून दाबलं की खट्, बूट पेडलला अडकला. मग मुळं येवोत नाहीतर दगड, पाय हलत नाही. याला क्लिपलेस म्हणतात."

"म्हणजे क्लिप नसलेलं?"

"हो."

"आणि पाय तर अडकतो."

"नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा," दुकानदार हसले. "पूर्वी पाय धरायला क्लिपा आणि पट्टे असायचे, ते गेले म्हणून हे नाव. सुटायचं असेल तर टाच बाहेर वळवायची. एवढंच."

अडकतो म्हटल्यावर आत्याचा हात काउंटरवरून मागे गेला. सपाट जोड तिनं उचलला, वजन पाहिलं, खाली ठेवला. मग बराच वेळ ती स्प्रिंगवाल्याकडे पाहत राहिली. शेवटी म्हणाली, "हे लावा." का, ते तिला तेव्हाही सांगता आलं नाही आणि नंतरही नाही.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. जंगल पार पडलं, मुळांवर पाय जागचा हलला नाही, आणि ती खुशीत कारखान्याच्या फाटकाशी येऊन थांबली. थांबली आणि टाच वळवायची विसरली. क्षणभर ती आणि सायकल तशाच उभ्या राहिल्या. मग दोघी मिळून, कसलीही घाई न करता, आडव्या झाल्या.

फाटकावरचा रखवालदार धावत आला. "बाई, लागलं का?"

"नाही. पाय सोडवा."

तो बिचारा बूट वर ओढू लागला. जितका ओढला तितका तो घट्ट. आत्याच्या कपाळावर घाम आला, छाती धडधडू लागली. तिनं बुटाचा पट्टा उपटून पाय बाहेर काढला आणि बूट पेडललाच लटकता ठेवून, एका पायात नुसता मोजा, अशी ती आत गेली. त्या दिवशी तशीच गाद्यांभोवती फिरली.

संध्याकाळी तिनं सायकल दुकानात नेली. "काढून टाका."

दुकानदारांनी वाद घातला नाही. त्यांनी स्प्रिंगचा स्क्रू सैल केला, बुटाखालची पट्टी बदलून दुसरी लावली. "ही नवशिक्यांची. पाय कसाही ओढलात, वर, वाकडा, तरी सुटेल. थोडे दिवस ठेवून बघा. नाही जमलं तर काट्यांचे पेडल लावून देतो, त्यात काही कमीपणा नाही."

मग आमच्या अंगणात शिकवणी सुरू झाली. आत्या भिंतीला हात टेकून सायकलवर बसायची, बाबा मागून सीट धरायचे.

"ताई, टाच बाहेर."

खट्.

"परत. टाच बाहेर."

जमायचं. पण बाबांनी सांगितलं की जमायचं, आणि बाबा आत चहा प्यायला गेले की आत्या भिंतीवर कलंडायची. ती म्हणायची, "अरे, विचार करावा लागतो. विचार होईपर्यंत मी खाली."

एका पहाटे आई पाणी तापवायला उठली तर घरातल्या, खोल्यांमधल्या बोळात आत्या उभी. एक तळवा भिंतीला टेकलेला, डोळे उघडे आणि त्यात कोणीच नाही. आईनं हळूच बाबांना उठवलं. तिला हाक मारायची नाही हे घरात सगळ्यांना माहीत. दोघं दाराशी उभे राहून पाहू लागले. आत्यानं डाव्या पायाची टाच उचलली, अलगद बाहेर वळवली, पाऊल बाजूला ठेवलं. पुन्हा जागेवर आणलं, चवड्यावर दाबलं, पुन्हा वळवलं. मग उजवा. खिडकीत उजाडत होतं आणि ती पाण्यात पाय हलवावा तितक्या सहज टाचा वळवत होती. चेहऱ्यावर हसू होतं, तुटक्या दाताचा कोपरा दिसत होता. थोड्या वेळानं ती वळली आणि आपणहून जाऊन झोपली.

चहाच्या वेळी बाबांनी सांगितलं. आम्हाला वाटलं ती हसेल. तिनं कप खाली ठेवला.

"दोन्ही पाय?" तिनं विचारलं.

"आधी डावा, मग उजवा."

"आणि बांधलं नाहीत ना मला?"

"वेडी का ताई तू," बाबा म्हणाले आणि त्यांनी तिच्या कपात आणखी चहा ओतला.

त्या दिवशी टेकडीवर धुकं होतं. तिनं सांगितलं ते असं: पुढचं झाड येईपर्यंत ते आहे हे कळत नव्हतं, चाकांचा आवाजही ओला झाला होता. उतारावर एका मुळावरून पुढचं चाक सरकलं. नंतर ती वाटेच्या कडेला उभी होती. सायकल दोन पायांच्या मध्ये, डावं पाऊल चिखलात. ते कधी सुटलं, कोणी सोडवलं, तिला काही कळलं नाही. छाती धडधडत नव्हती. ती तिथेच थांबून राहिली, धुकं झाडांतून सरकताना बघत. मग बुटाच्या तळाचा चिखल काडीनं खरवडला, पेडल दाबलं, खट् आवाज ऐकला आणि खाली उतरली. कामाला उशीर झाला. कारखान्यात विचारलं तेव्हा तिनं धुक्याचं कारण सांगितलं.

दुकानदारांनी नंतर एकदा विचारलं, "आता स्प्रिंग आवळू का? अजून पक्कं बसेल."

"नको," आत्या म्हणाली. "इतकं पुरे."

पेडल तेच आहेत. कारखान्यात ती फरशीवरून चालली की टक टक आवाज येतो आणि शेजारच्या टेबलावरच्या बाया म्हणतात, घोडी आली. ती आता अधूनमधून पुन्हा झोपेत चालते, पूर्वीपेक्षा जास्तच. दाराबाहेर मात्र जात नाही. बोळात येते, भिंतीला हात टेकते, आणि टाचा वळवत उभ्या उभ्याच बराच वेळ कुठेतरी जाऊन येते. आई झोपण्यापूर्वी बोळातलं स्टूल आणि चपला बाजूला करून ठेवते.