धबधब्यापाशी आई कोणत्या भाषेत बोलल्या?

असे अनुभव वाचले की मी नवऱ्याला म्हणते, "काहीतरी कारण असणारच, यांनी नीट शोधलं नाही." मी केमिस्ट्री शिकवायचे, त्यामुळे भुताखेतांशी माझं कधी जमलंच नाही. म्हणून हे लिहायला जरा संकोच वाटतोय… पण घडलं ते असं.

१९९६ साल. आम्ही जपानमध्ये कावासाकीला राहत होतो. सासरे गेल्यावर सासूबाईंना तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आणलं. सांगलीत दिवसभर गप्पा मारणाऱ्या बाई, पण इथे तोंडातून तीनच शब्द – हो, नको, चालेल. मी सुट्टीच्या दिवशी कुठेकुठे नेलं, त्या मुकाट्याने बघायच्या. घास मोजून खायच्या. मला भीती वाटू लागली होती.

ऑक्टोबरमध्ये नवऱ्याला, विवेकला, रजा मिळाली आणि आम्ही इरिओमोते बेटावर गेलो. अगदी दक्षिणेला, तैवानजवळ. नावाला जपान, पण दमट हवा, केवड्याची बनं – थेट कोकण. बोट लागल्यामुळे विवेक खोलीवरच झोपून राहिला. गेस्ट हाऊसच्या मालकांनी सांगितलं, गावामागे अर्ध्या तासावर छोटा धबधबा आहे, तिकडे टुरिस्ट जात नाहीत. आम्ही दोघी निघालो.

दोन मजल्यांएवढा धबधबा, खाली हिरवं पाणी, आणि चिटपाखरू नाही. आई खडकावर पाय पाण्यात सोडून बसल्या. "वरून फोटो काढून दहा मिनिटांत येते," म्हणून मी चढले. चांगल्या अर्ध्या तासाने उतरले तर खडक रिकामा… चपला तिथेच.

"आई!" अशा दोन हाका मारल्या, आणि केवड्यामागून हसणं ऐकू आलं. आईंचं हसणं. सासरे गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत पहिल्यांदा.

त्या एका म्हाताऱ्या बाईंशेजारी बसल्या होत्या. बाईंच्या डोक्यावर गवती टोपी, पुढ्यात कारल्यांची टोपली. आई मराठीत बोलत होत्या. बाई काय बोलत होत्या ते मला कळेना – ते जपानीसुद्धा नव्हतं. पण दोघींचं एकमेकींत छान चाललं होतं, प्रश्न, उत्तर, हसणं.

"ये गं मीनल. या कारलं अंड्यात परततात म्हणे. यांचे मालक समुद्रावर गेले ते परत आले नाहीत, तीस वर्षं झाली. तरी अजून त्यांच्या आवडीचं करून ताटात वाढतात, आणि मग स्वतःच खातात."

मला वाटलं, आईंनी खाणाखुणांवरून काहीतरी जुळवलंय. म्हणून बाईंना जपानीत विचारलं, "तुम्हाला यांचं बोलणं समजतं?"

त्यांना जपानी अडखळतच येत होतं. "का नाही समजणार? तुमच्या आई आमच्या बेटाची बोली किती छान बोलतात. आमची मुलं ओसाकाला गेली, ती विसरली. यांचेही मालक या वर्षीच गेले ना? मी म्हटलं, उपाशी राहू नका." मग टोपलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तुम्ही कारल्यात आंबट शेंग आणि काळी साखर घालता म्हणे. मी करून बघेन."

चिंच आणि गूळ. हे मी सांगितलं नव्हतं.

परतताना आई वाटभर बोलत होत्या – सासऱ्यांबद्दल, त्यांच्या शेवटच्या आठवड्याबद्दल, मग त्यांच्या पहिल्या नोकरीबद्दल. त्या रात्री दोन वेळा भात मागून घेतला. विवेक माझ्याकडे बघतच राहिला.

गेस्ट हाऊसच्या मालकांना विचारलं तर ते म्हणाले, त्या आजी गावातल्याच, केवड्यामागे त्यांचा मळा आहे, पण जुनं बोलतात, मलाच अर्धं कळत नाही. म्हणजे भूत वगैरे काही नाही. हाडामासाची बाई.

विवेकचं अजूनही म्हणणं, हातवाऱ्यांनी सगळं कळतं. मी त्याला म्हटलं, चिंच हाताने करून दाखव. त्याने प्रयत्न केला, पण जमलं नाही.

आई त्यानंतर अकरा वर्षं होत्या, आणि त्या बेटानंतर पुन्हा कधी गप्प बसल्या नाहीत. मी त्यांना कितीदा विचारलं, "आई, त्या बाई कोणत्या भाषेत बोलत होत्या?"

"मराठीत. जरा कोकणी वळणाचं, पण मराठीच." त्यांना त्यात नवल असं काही वाटतच नसे. शेवटी शेवटी तर कंटाळून म्हणाल्या, "तुला ऐकू आलं नाही त्याला मी काय करू?"

कारण शोधायचं मी सोडलेलं नाही… पण सापडलं नाही तर आता चालेल मला.