माझं कलम, माझी साडी आणि सुजाता

आमच्या ऑफिसातल्या फायली कपाटात मावतात. किस्से मावत नाहीत. कोणी पाहुणी आली आणि "काय चाललंय?" म्हणाली की एक सांगावा, तर त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो, आणि चहाचं दूध संपतं.

घाटकोपर वेस्टला झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या, तिथे आमची संस्था. मार खाल्लेल्या, घरातून हाकललेल्या, विकल्या गेलेल्या बायकांना कायद्याची मदत करतो. लोकांना वाटतं, असलं काम म्हणजे या दिवसभर रडत असणार. अहो, हसलो नाही तर दुसऱ्या दिवशी यायचं कसं?

मी वैशाली, वकील, राहणार मुलुंड. दुसरी वकील सुजाता, भांडुपची, मूळची कुडाळची. दोघी एकाच वर्षी पास झालो, एकाच दिवशी इथे लागलो. आणि आधीच सांगून टाकते, मी सुजातावर जळते. लपवून काय करू? सगळ्या ऑफिसला माहीत आहे. सुजातालाही माहीत आहे, आणि ती त्यावर हसते, म्हणून मी आणखी जळते!

* * *

आमच्याकडे एक नियम आहे. नवीन बाई आली की तिला टेबलासमोर बसवायचं नाही. सुजाता आणि मी दोघींनी तिच्यासोबत बाहेरच्या बाकावर बसायचं, चहा प्यायचा, पाण्याच्या टायमिंगबद्दल बोलायचं, आणि मग बाईनेच ठरवायचं, कोणाला सांगायचं ते. हा नियम आमच्या प्रमुख नाडकर्णी बाईंचा. "आयुष्यात तिला कोणी निवडू दिलं नाही, वकील तरी निवडू दे," असं त्या म्हणतात.

नियम झकास आहे. फक्त निवडून नेहमी सुजाताच येते!

एकदा मी ठरवलं, आपण हसत बसायचं. बाई आली, मी हसले. चहा आला, मी हसतेच आहे. गाल दुखायला लागले, तरी सोडलं नाही. बाईने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि हळूच सुजाताला विचारलं, "या ताईंची दाढ काढली का?"

सुजाता म्हणाली, "नाही हो, तिचं असंच आहे." आणि बाईला घेऊन आत गेली.

* * *

मंगलनेही सुजातालाच निवडलं. मंगल म्हणू, खरं नाव सांगणार नाही. घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीत राहते, ब्लाऊज शिवते, फॉल-बिडिंग करते. तिचा सख्खा मामा तिला "अंधेरीला एका घरी कामाला लावतो" म्हणून घेऊन गेला आणि विकून आला. ती कशी सुटली ते तिचं तिला सांगू दे. सुटून आली, केस केली, मामाला अटक झाली.

मग मामा जामिनावर सुटला आणि समोरच्याच गल्लीत राहायला आला! त्याला लांब ठेवायची अट आम्ही मागितली होती, मिळाली नाही. रोज संध्याकाळी हा माणूस हिच्या गल्लीच्या तोंडाशी भाजीच्या गाडीपाशी उभा. बोलत नाही, हात लावत नाही. नुसता उभा. मंगलला एवढंच हवं होतं, की त्याने तिच्या गल्लीत पाऊल टाकू नये असा एक कागद कोर्टाने द्यावा.

तो कागद मिळवायला तिच्यासोबत मी फिरले, कारण सुजाताला दुसरी तारीख होती. (उन्हात फिरायचं असलं की मी!)

सरकारी ऑफिसात आधी घरगुती हिंसाचाराच्या टेबलावर गेलो. "मामा तुमच्यासोबत एका घरात राहत होता का? नाही? मग आमच्याकडे नाही बसत. तस्करीवाल्यांकडे जा."

तस्करीवाल्यांकडे गेलो. "केस चालू आहे ना? मग झालं. साक्षीला बोलावू तेव्हा या. त्रास होत असेल तर त्या पहिल्या टेबलावर जा."

परत पहिल्या टेबलावर. परत दुसऱ्या. माझ्या डोक्याचं भजं झालं होतं. खाली उतरल्यावर मी मंगलला उसाचा रस पाजला. ती शांतपणे ग्लास संपवून म्हणाली, "ताई, मामाचं बरं आहे ना. त्याला हजेरीला एकाच टेबलावर जायला लागतं."

त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्यापेक्षा जास्त जळणारी बाई भेटली.

* * *

मध्येच एक माझ्या सोसायटीचा. मुलुंडला आमच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं. मी म्हटलं, यंदा वाण म्हणून डबे-बिबे नकोत, मानवी तस्करीवर भाषण ठेवू. माझी सोसायटी, माझं भाषण, सोबतीला सुजाताला नेलं. हीच चूक!

मी सगळं सांगितलं. कायदे, कलमं, सगळं. बायका माना डोलवत होत्या. शेवटी आमच्या सेक्रेटरी काकू म्हणाल्या, "छान माहिती दिलीस गं. पण आपल्याकडे असलं काही नसतं बाई."

सुजाता लाडू खात होती. तोंड पुसून तिने विचारलं, "काकू, तुमच्याकडे राहायला मुलगी आहे ना कामाला? तिला गावाहून कोणी आणलं?"

"एजंटने."

"तिचा पगार कोणाला देता?"

"एजंटलाच."

"ती घरी फोन कधी करते?"

काकू पटकन उठल्या. "मसाला दूध घ्या गं, गार होतंय!"

घरी पोचते ना पोचते तोच काकूंचा फोन. आवाज अगदी बारीक. म्हटलं, चला, माझ्या भाषणाचा परिणाम झाला!

"वैशू, ती लाडू खाणारी होती ना, तिचा नंबर दे."

त्या मुलीचं पुढे चांगलं झालं, आता घरी आहे, आईजवळ. मला आनंद आहे. पण माझी सोसायटी होती यार!

* * *

मग सरकारने बायकांवरच्या हिंसेविरुद्ध नवा कायदा करायचा म्हणून मसुदा काढला आणि सूचना मागवल्या. मसुद्यात घरातली मारहाण होती, ऑफिसातला छळ होता, ॲसिड होतं, मोबाइलवरचा त्रास होता. बाईला विकणं नव्हतं. त्याचा कायदा वेगळा आहे म्हणे.

नाडकर्णी बाई भडकल्या. "वेगळा आहे म्हणून तर मंगल दोन टेबलांमध्ये लोंबकळते आहे! तस्करी ही हिंसाच आहे, ती याच कायद्यात घाला. म्हणजे विकणाऱ्यालाही लांब राहण्याचा हुकूम देता येईल. वैशू, कलम लिही."

मला सांगितलं! मला! मी जीव ओतून लिहिलं.

आता आमचा दुसरा नियम. मसुदा कुठलाही असो, तो आधी जिच्यासाठी आहे त्या बाईला वाचून दाखवायचा. ती जांभई देईल तिथे थांबायचं आणि तेवढं परत लिहायचं. मी मंगलसमोर बसले, पाणी प्यायले, वाचायला लागले. पहिल्याच वाक्याला मंगलने अशी जांभई दिली की तिची पडजीभ दिसली!

सुजाता म्हणाली, "आण इकडे, मी वाचते." तिने काय केलं माहिती आहे? तेच वाक्य, शब्द न बदलता, उभं राहून, हातवारे करून, दशावतारात राक्षस येतो ना तसं म्हटलं! मंगल सरसावून बसली. "हां, हे बरोबर आहे. हेच पाहिजे."

"अगं, ते माझंच वाक्य आहे!" मी ओरडले.

मंगल मला समजावत म्हणाली, "असू दे ताई. तुमचं ऐकून पण बरं वाटतं. झोप लागते."

* * *

वांद्र्याला सरकारी बैठक ठरली. आमच्या संस्थेतून बोलायला एकच जण. नाडकर्णी बाईंनी नाव घेतलं सुजाताचं.

माझा तिळपापड झाला. कलम माझं, टेबलांच्या चकरा माझ्या, आणि बोलणार ही? दिवसभर मी तिच्याशी बोलले नाही. संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी आली. "काय गो, तोंड कित्याक पाडलंस?"

"काही नाही."

"बरां. तुझी ती महेश्वरी साडी देतंस? माझ्याकडे बैठकीसारखी एक नाय."

आणि मी दिली! का दिली, मला विचारू नका. बैठकीत सुजाता उभी राहिली, तेव्हा अंगावर साडी माझी, हातात कलम माझं, आणि तोंड तेवढं तिचं.

* * *

त्या बैठकीचाच शेवटचा.

मंगल हट्टाने आमच्यासोबत आली होती. बंद खोली होती, बाहेरचं कोणी नव्हतं. ओढणी तोंडापर्यंत घेऊन ती मागे बसली. आदल्याच संध्याकाळी मामा भाजीच्या गाडीपासून दोन दारं पुढे आला होता. तिने ते फक्त येताना रिक्षात सांगितलं, बाहेर बघत.

सुजाता बोलली. काय बोलली हो! मला तिचा गळा दाबावासा वाटला, इतकं चांगलं बोलली.

समोरचे साहेब वाईट नव्हते. दमलेले होते. म्हणाले, "मॅडम, पटतंय. पण हा कायदा हिंसेचा आहे. ती बाई आरोपीच्या घरात राहत नव्हती, ऑफिसात काम करत नव्हती. मग ही हिंसा नक्की कुठल्या जागी झाली असं धरायचं? घर तर पाहिजे ना काहीतरी."

सुजाता थांबली. सुजाता! मी पटकन कागद चाळायला लागले, मलाही काही सापडेना.

मागून आवाज आला. "साहेब, मारणाऱ्याला बाई घरात लागते. विकणाऱ्याला ती घराबाहेर लागते. तुम्ही घर कुठलं विचारता?"

मी इतकी वर्षं वकिली करते, असं एक वाक्य मला सुचलं नाही. सुजाताकडे पाहिलं, तिचाही चेहरा पडलेला. आम्ही दोघी एकाच बाईवर, एकाच वेळी जळत होतो!

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "ठीक आहे. तस्करी घालायची सूचना मी टिपणात घेतो. वर काय होईल ते सांगता येत नाही, पण इथून जाईल. सूचना कोणाच्या नावाने लिहू?"

खोटं कशाला बोलू, माझं तोंड उघडलं होतं. सुजाताचंही.

"माझ्या मामाच्या नावाने लिहा," मंगल म्हणाली.