पंचमीच्या बांगड्या

आमच्या भोकरदनच्या कासारीण मावशी फार अबोल. बांगड्या भरताना "हात ढिला सोड, बाई" एवढंच बोलायच्या. बाकीचं बोलायला मी होतेच.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. शेजारचं सहा वर्षांचं पोरगं हरवून चार दिवस झाले होते. त्याचा चुलता शोधत गावोगाव हिंडायचा आणि मी त्याला देवमाणूस म्हणून भाकरी बांधून द्यायचे. नागपंचमीला मावशी आल्या, तर चुलतीनं हात मागं घेतला. "नको मावशी, आम्हाला सुतक हाय."

मी डोळ्याला पदर लावला. मावशींनी बांगडी खाली ठेवली. "पोरगं हरवलंय ना? मंग सुतक कोणाचं?"

मावशी टोपली तिथंच टाकून पोलीस पाटलाकडं गेल्या. पोरगं पडक्या विहिरीत सापडलं. जमिनीच्या वाट्यापायी मारलं होतं चुलता-चुलती दोघांनी.

खटल्यात वकिलांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही पण तिथंच होता. काय ऐकलं?"

"बराबर सगळं ऐकलं, साहेब. मला वाटलं, चुलतीची माया किती!"

सारं कोर्ट हसलं. मीही हसले. हसली न्हाई ती पोराची आई, आणि तिचा हात धरून बसलेल्या मावशी.