कोंबड्यांच्या गाडीतून समुद्रापर्यंत

पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्या गाडीत कोंबड्या राहत होत्या. आर्नहेमच्या पुढे एका शेताच्या कडेला ती उभी होती. चाकं चिखलात रुतलेली, अंगावर हिरवं शेवाळ. मालकानं दार उघडलं तशी एक तांबडी कोंबडी उडी मारून बाहेर आली आणि आम्हीच तिच्या घरात घुसल्यासारखं आमच्याकडे बघू लागली. इथं अशा गाडीला कॅम्पर म्हणतात (आत झोपायची, रांधायची सोय असलेली मोटार).

मी आमच्या मोटारीत मागे बसले होते. निघतानाच माझ्या मुलानं, नितीननं, अट घातली होती, "आई, तू खाली उतरायचं नाहीस." कोरोनाचे दिवस. मी म्हातारी, त्यात साखर.

मी खाली उतरले.

का उतरले ते सांगते. कऱ्हाडला स्टँडजवळ माझी खानावळ होती. ती थोरल्या मुलाच्या हाती देऊन, थंडी सरता सरता, तीन महिन्यांसाठी म्हणून मी डच लोकांच्या देशात, टिलबर्गला, नितीनकडे आले. नितीन आणि सून रश्मी, दोघं कॉम्प्युटरच्या कंपन्यांत. नात सई तिसरीत. मी येऊन चार आठवडे झाले नाहीत तोच विमानं बंद पडली. सरकारनं माझा व्हिसा वाढवला. इथलं सरकार लोकांना बाहेर फिरूसुद्धा देत होतं. माझा मुलगा मला देत नव्हता. वरच्या मजल्यावरची एक खोली आणि तिची खिडकी मला मिळाली. खिडकीतून सायकली ठेवायची शेड दिसायची, एक चेरीचं झाड दिसायचं आणि समोरच्यांच्या घरातला टीव्ही. वाण्याकडून सामान आलं की नितीन दुधाची पिशवीसुद्धा साबणानं धुवायचा. मी मनाशी ठरवलं होतं, विमान मिळेल तेव्हा मी जाईन, पण हा देश खिडकीएवढाच बघून जाणार नाही.

कॅम्पर घ्यायची कल्पना रश्मीची. यंदा भारतात जाणं नाही, हॉटेलात राहायची भीती, पोरगी घरात कोंडलेली. आपलं घर आपल्याबरोबर न्यावं, कुणाच्या भांड्याला हात लावायला नको, असं तिचं म्हणणं. गाडी तिनंच शोधली, पैसेही तिचेच.

"रश्मी, ही गाडी नाहीये, हे खुराडं आहे," नितीन म्हणाला.

"इंजिन चालतंय."

"कोंबड्यांनी तपासलंय का?"

मी आत जाऊन बघितलं. वास होता, पण मी याहून वाईट वास बघितलेत. ओटा होता, गॅसच्या दोन शेगड्या होत्या, दोन बाकं होती, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर एक माळा होता झोपायला. माझ्या पहिल्या खानावळीत एवढीही जागा नव्हती. मी बाकावरची पिसं झटकली आणि बसले.

"आई, उतर."

"मी हिच्यातूनच येते," मी म्हटलं. "रश्मी, चालवशील?"

रश्मीनं चालवली. वाटेत पावसाचे चार थेंब आले, त्यातला एक माझ्या मांडीवर पडला. मी तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरासमोर पूजा केली. चाकांखाली लिंबं ठेवली, पुढे हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं. नारळ कुठं फोडायचा यावर मी जरा थांबले. गाडीचा नारळ चाकाशी फोडतात, घराचा उंबऱ्याशी. ही तर गाडीही होती आणि घरही. शेवटी राहणार आत आहोत म्हणून मी उंबरा ठरवला. दाराखालची पत्र्याची पट्टी चांगली जाड, पांढरीशुभ्र दिसत होती. देवाचं नाव घेतलं आणि नारळ जोरात हाणला.

नारळ फुटला नाही. गाडी फुटली. नारळ अख्खाच्या अख्खा आत गेला.

"कोकोसनोट इज वेख!" सई ओरडली (नारळ गेला!). ती मराठी समजते, बोलायच्या वेळी तोंडातून डच नाहीतर इंग्रजी येतं.

नितीन खाली वाकला. भोकाच्या कडेला बोट लावलं तर लांबी (भोकं बुजवायचा लगदा) आणि रंगाचे पापुद्रे हातात आले. विकणाऱ्यानं गंजावर लांबी थापून वरून रंग मारला होता. मग नितीननं दाराजवळची भिंत दाबली, ती आत दबली. आतलं लाकूड भिजलेल्या पावासारखं झालं होतं. बाकामागे तर अळंबी उगवली होती.

"बघितलंस?" तो रश्मीला म्हणाला. "उद्या भंगारवाल्याला फोन करतो."

रश्मीचा चेहरा बघून मला राग आला. नितीनचा नव्हे, त्या लांबी लावणाऱ्याचा.

"माझा नारळ आत आहे," मी म्हटलं. "तो काढल्याशिवाय गाडी कुठंही जाणार नाही."

"आई, एका नारळासाठी?"

"तू मेकॅनिकलचा इंजिनिअर ना? वर्गात पहिला आला म्हणून तुझ्या बाबांनी गल्लीत पेढे वाटले. जन्मात कधी पाना धरलास का हातात?"

त्याला ते लागलं. लागावं म्हणूनच म्हटलं होतं.

रस्त्यावर अशी गाडी तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवायची नाही, असा टिलबर्गच्या नगरपालिकेचा नियम. समोरच्या बाईनं तो हसतमुखानं सांगितला. इथं नियम हसतमुखानंच सांगतात, पण सांगतात. मग रश्मीनं गावाबाहेर एका शेतावरचं गोठ्याएवढं गोदाम भाड्यानं घेतलं. मालकीण रीटबाई, माझ्याच वयाची विधवा, रबराचे बूट घालून फिरणारी. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. गाडीकडे बघून ती एकच वाक्य बोलली. सईनं सांगितलं, "आजी, शी सेज, अ बिट गुड, द रेस्ट बॅड" (थोडी चांगली, बाकी वाईट). मला ती बाई आवडली.

"गोदाम मोकळं आहे, हवेशीर आहे, मी जाणार," असं मी घरात जाहीर केलं. नितीन मला मास्क, हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा चढवून घेऊन आला. तो रीटबाईच्या दाराच्या कडीला औषध फवारत होता तेव्हा ती म्हणाली, "योंगन, दू नोर्माल!" (पोरा, शहाण्यासारखा वाग!) हे वाक्य मी पाठ केलं. पुढे फार उपयोगी पडलं.

कुजका भाग कापायचं काम रीटबाईनंच केलं. नांगर, फाटक, सगळं ती स्वतः वेल्डिंग करते. तोंडावर लोखंडी मुखवटा चढवला, ठिणग्या उडाल्या, पट्टी सुटून पडली आणि नारळ घरंगळत बाहेर आला. शेंडीला गंज लागलेला, बाकी धडधाकट. रीटबाई मुखवटा वर करून इतकी हसली की तिला खोकला आला. नितीन चार पावलं मागे सरला.

मग आमची कामं वाटली गेली. काजळी खरवडण्यात माझं आयुष्य गेलेलं, त्यामुळे गंज खरवडणं माझ्याकडे आलं. रश्मी युट्यूबवर बघून बाकांच्या गाद्या शिवायची. पहिली गादी बाकापेक्षा मोठी झाली, तिची गुंडाळी करून उशी केली. सई रंग लावायची, भिंतीला आणि स्वतःला. नितीन आधी दारात उभा राहून चुका काढायचा. एक दिवस त्यानं रश्मीच्या हातातली लाकडी पट्टी घेतली, "अगं असं नाही, आधी माप घे," म्हणाला, आणि मग त्यानं ती परत दिलीच नाही. आतली सगळी लाकडी चौकट त्यानं नव्यानं केली. एकदा मी चहा घेऊन गेले तर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले आणि आतून शिट्टी ऐकू येत होती. तो शिट्टी वाजवतो हे मी विसरून गेले होते.

गाडी आपेकाला (गाडी रस्त्यावर चालवायला लायक आहे का याची सरकारी तपासणी) नेली. मागचा एक दिवा बदलायला लावला आणि पास केली. तोवर कॅम्पिंगच्या जागाही उघडल्या होत्या. झेलंडला समुद्राकाठी एका शेतकऱ्याच्या कुरणात आठवड्याची जागा मिळाली.

त्या संध्याकाळी जेवताना नितीन म्हणाला, "आई, तू मात्र घरी राहा. डबा द्यायला एकीला सांगून ठेवतो."

मी हातातला घास खाली ठेवला. "माझी नखं बघ. अजून गंज आहे त्यांच्यात."

"तिथे माणसं असणार. तुला साखर आहे."

"साखर आहे, महारोग नाही. त्या तुझ्या हाउसआर्त्सला (घरच्या डॉक्टरला) विचारलं ना रश्मीनं? ती म्हणाली, त्यांना चालू दे. औषध म्हणून काय दिलं? पॅरासिटामॉल. म्हणजे मला काही झालेलं नाही."

"आणि झालं तर?"

"झालं तर झालं. तुझे बाबा कुठं फिरायला गेले होते? टीव्हीसमोर खुर्चीत बसल्या बसल्या गेले."

रश्मी म्हणाली, "आई नसतील तर मीही येणार नाही. आणि चावी माझ्याकडे आहे."

नितीनचा आवाज चढला. "तुम्हाला कळत नाही का? इथे काही झालं तर दादाला येता येणार नाही! मी एकट्यानं... मी त्याला काय सांगू?"

इतके महिने दुधाच्या पिशव्या का धुतल्या जात होत्या ते तेव्हा कळलं. पण कळलं म्हणून मी माघार घेणार नव्हते.

"सांग, समुद्र बघायला गेली होती," मी म्हटलं. "खिडकीत बसून होती, असं मात्र सांगू नकोस. आणि योंगन, दू नोर्माल."

सईला ठसका लागला. नितीननं ताट जवळ ओढलं. मग म्हणाला, "स्वेटर घे. तिथे वारा असतो."

निघालो. पहिल्याच वळणावर वरचं कपाट उघडलं आणि मसाल्याचा डबा खाली आला. त्याचा खटका लावायचं काम नितीनचं होतं. नवी पांढरी भिंत, नव्या गाद्या, सईचे मोजे, सगळीकडे हळद.

"झालं," रश्मी म्हणाली, "हळद लागली गाडीला. आता मोडता येणार नाही."

ते डाग शेवटपर्यंत निघाले नाहीत.

झेलंडची जमीन पोळपाटासारखी सपाट. लांबलचक पूल, पवनचक्क्या, बटाट्याची शेतं, आणि जिकडे तिकडे सायकलवर माझ्या वयाच्या बायका. कुरणात आमच्या शेजारी एक पांढऱ्या मिशांचा गृहस्थ खुर्ची टाकून बसला होता. मी पिठल्याला फोडणी दिली तशी त्याची खुर्ची थोडी मागे गेली. दुसऱ्या दिवशी ती थोडी पुढे आली. तिसऱ्या दिवशी तो ताटली घेऊनच आला आणि दीड मीटरवर उभा राहिला. मी झाऱ्याला काठी बांधून त्याला भजी दिली.

दुपारी पाऊस आला तेव्हा आम्ही चौघं छताकडे बघत बसलो. एका कोपऱ्यातून थेंब आला. नितीननं त्याखाली पातेलं ठेवलं आणि कसल्याशा अभिमानानं म्हणाला, "एकच आहे." शौचालयाची टाकी रिकामी करायलाही तोच जायचा. "बघ," मी म्हटलं, "एवढं शिकवलं ते वाया गेलं नाही."

समुद्र डाइकच्या पलीकडे होता (डाइक म्हणजे समुद्र अडवायला घातलेला उंच बांध). वर जायला सरळसोट पायऱ्या. नितीननं माझा दंड धरला.

"हात सोड."

"आई, पडशील."

"पडले तर उचल. आत्ता सोड."

मधे एकदा टेकले, मग वर गेले. वारा असा की पदर हातात धरावा लागला. आणि समोर बघते तर चिखल. नजर जाईल तिथपर्यंत काळा चिखल आणि त्यात चोच घालणारे पक्षी. एवढा गंज खरवडून, एवढं भांडून आले, आणि समुद्र घरी नव्हता.

"आजी, इट्स एब," सई म्हणाली (ओहोटी). "इट कम्स बॅक."

"खुर्ची आण," मी म्हटलं. "येईपर्यंत मी इथून उठत नाही."

नितीननं फोनमध्ये भरतीची वेळ बघितली. "आई, खूप वेळ आहे. जेवून परत येऊ."

"तुम्ही जा."

ते गेले, आणि खुर्च्या, भाकऱ्या आणि पिठल्याचं पातेलं घेऊन परत आले. डाइकवर बसून आम्ही जेवलो. येणारेजाणारे सायकलवाले "स्माकलक" म्हणायचे (पोटभर जेवा). नितीन माझ्याशेजारी बसला. फोन खिशातच होता. तो म्हणाला, "मला रोज वाटायचं, सकाळी तुला हाक मारीन आणि तू ओ देणार नाहीस."

"म्हणून पहाटे हाका मारायचास होय? माझी झोपमोड व्हायची."

तो हसला. पाणी आलं ते लाट वगैरे घेऊन नाही. चिखलातल्या चरांतून गुपचूप भरत गेलं, आणि बघता बघता पक्षी उडाले, बांधाच्या दगडांना पाणी लागलं. राखाडी, गढूळ पाणी. खरं सांगायचं तर कोकणातला समुद्र याच्यापेक्षा देखणा आहे. पण हा मी माझ्या पायांवर वर चढून, वाट बघून बघितला.

नारळ बरोबर आणला होता. नितीन म्हणाला, "समुद्राला देऊया का?"

"अर्धा दिवस ताटकळत ठेवलं, त्याला नारळ कशाला?" मी म्हटलं.

परत आल्यावर गाडी रीटबाईच्या गोदामात लावली. तिथंच, तिनं जोडलेल्या नव्या उंबऱ्यावर, मी तो नारळ हाणला. पत्रा जागचा हलला नाही. नारळाची दोन भकलं झाली. पाणी आटून गेलं होतं, खोबरं घट्ट आणि गोड होतं. एक भकल रीटबाईला दिलं. "हाउडू," ती म्हणाली (त्या भागात निरोपाला असं म्हणतात). मीही तेच म्हटलं. आम्ही दोघी रडलो वगैरे नाही.

पुढच्याच आठवड्यात मला विमानात जागा मिळाली. आता कऱ्हाडला मैत्रिणी विचारतात, परदेशात अडकून पडलीस, फार हाल झाले का? मी सांगते, आपल्या माणसांनी जपायला ठेवलं की हाल होतातच. त्यांच्या मनात वाईट नसतं, पण आपण उतरायचं. गाडी कोंबड्यांची का असेना.

विमानात नितीननं मुद्दाम माझ्यासाठी खिडकीची जागा घेतली होती. मी बसले, पट्टा बांधला, खिडकीचं झाकण खाली ओढलं आणि झोपले.