मुनिरत्नमचा डबा

एकोणचाळीस वर्षांनी माहेरी निघालेली बाई, आणि परतीचं तिकीट आधी काढून ठेवलेलं! पूंगोडीचं तसंच होतं. कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या या गावाचं तिने पुन्हा तोंडही पाहिलं नसतं. दर पोंगलला तिची आई चिन्नपोन्नूच पिशवी भरून वेल्लूरला येई. यंदा गुडघ्यांनी दगा दिला, आणि लेकीचा नाइलाज झाला.

खाण बंद होऊन वीस वर्षं उलटली. भोंगा वाजत नाही. तरी खाणमजुरांच्या चाळींत अजून भांडी जमिनीवरच मांडतात, फळीवर नाही. खाली खडक फुटला की घर हादरे आणि फळीवरचं डोक्यात पडे. आता खाली नुसतं पाणी साचलंय, पण सवय ती सवय.

कोपऱ्यावरच्या चिंचेपाशी पूंगोडीचे पाय अडखळले. इथेच, नऊ वर्षांची असताना, तिने बापाला मागून हाक मारली होती. मुनिरत्नम पाळीवर निघाला होता, डबा विसरून. खाणीवर निघालेल्याला मागून हाक मारायची नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मारलीच, तर त्याने घरी परतायचं, घडीभर बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, मगच निघायचं. मुनिरत्नम हसला. डबा घेतला, लेकीचा गाल ओढला आणि तसाच गेला. दुपारी सगळ्या चाळीची भांडी खणखणली. महिन्याभरात पूंगोडीची रवानगी वेल्लूरला मावशीकडे झाली.

चिन्नपोन्नूने सुक्या मासळीचं कालवण केलं होतं. लेकीने भात नुसता चिवडला. सत्तरीच्या म्हातारीने ते बघितलं. शेवटी पूंगोडीनेच विचारलं, "अम्मा, माझ्यामुळे गेले ना गं अप्पा?"

म्हातारीने हात धुतले, पदराला पुसले. घाई तिच्या स्वभावातच नव्हती.

"पहिलं वर्ष मला तसंच वाटायचं," ती म्हणाली. "तुझं तोंड बघवेना, म्हणून तुला बहिणीकडे धाडली. शाळेचं निमित्त सांगितलं सगळ्यांना."

पूंगोडीला रडू फुटलं. इतकी वर्षं जे मनात धरून बसली होती, तेच आईच्या तोंडून आलं होतं.

"पुढचं ऐक. त्या दिवशी तिघं गेले. वर्षश्राद्धाला मी बाकी दोघांच्या बायकांकडे गेले, मुद्दाम विचारलं. त्यांच्या माणसांना कोणी हाक मारली नव्हती. नीट जेवून, पाणी पिऊन निघाले होते दोघं. मग मला माझीच लाज वाटली. तुला परत कुठल्या तोंडाने बोलवू? म्हणून मीच येत राहिले, कण्णू, बाळा."

मग पूंगोडीने कालवण परत वाढून घेतलं आणि तिखट कमी पडलंय म्हणाली. म्हातारीने तिला वेल्लूरच्या पचपचीत जेवणावरून टोमणा मारला.

गाडीची वेळ झाली. पूंगोडी चिंचेपर्यंत पोचली आणि मागून खणखणीत हाक आली, "पूंगोडी!"

तिच्या अंगावर काटा आला. मागे वळून बघितलं, तर म्हातारी भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत, हातात डबा घेऊन येत होती. पूंगोडी धावत परत गेली आणि जुन्या रीतीप्रमाणे दारातल्या पायरीवर बसायला लागली.

"बसायचं नाही," चिन्नपोन्नू म्हणाली. "पाणीही मागायचं नाही. कालवण आहे, सांडू नकोस. नीघ आता, गाडी चुकेल."