नळीतला गाळ

लोकांच्या मोऱ्या उपसण्यात नळवाल्याची हयात गेली. केसांचे गुंते, भाताचा लगदा, तेलाचा थर. दर वेळी नाक मुरडून म्हणायचा, "खातात माणसासारखं, ओततात जनावरासारखं!"

आता बायकोच्या नाकातून पोटात गेलेली नळी त्याच्या हाती आली होती. पक्षाघाताच्या झटक्यानंतर तिचं गिळणं गेलं. नळी घालताना तिने त्याचा हात ओरबाडला, "पुन्हा नको" म्हणाली, आणि मग बोलणंच टाकलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. डॉक्टरांनी उदासीवर कॅप्सूल दिली.

फोडली तर आत बारीक दाणे. नळवाल्याने ते कुटले, चाळले.

सून म्हणाली, "बाबा, नर्सताईंना विचारू या का?"

"नळीत काय घालायचं, ते मला शिकवतेस?"

पिचकारीची एक खेप वाचावी म्हणून पूड त्याने पातळ अन्नातच कालवली. दुसऱ्याच्या कामचुकारपणाला जन्मभर शिव्या घालणारा हा माणूस!

बायकोला उमासे सुरू झाले. त्यात नळीही तुंबली. सवयीने त्याने पिचकारीचा दट्ट्या जोरात रेटायला घेतला.

सून ओरडली, "बाबा, ते गटार नाही, आई आहेत!"

दवाखान्यात नर्सने कोमट पाणी हलक्या हाताने आत-बाहेर करून पाहिलं. नळी सुटली नाही. बदलावी लागली. बायकोने या वेळी ओरबाडलंसुद्धा नाही. नुसती डोळे मिटून पडून राहिली. नळवाल्याला ते ओरबाडण्याहून वाईट वाटलं.

"काका, ते दाणे दिवसभर थोडं थोडं औषध सोडतात," नर्स म्हणाली. "तुम्ही कुटलेत, सगळं एकदम पोटात गेलं. डॉक्टरांनी आता पातळ औषध लिहून दिलंय. आधी पाणी, मग औषध एकटं, मग परत पाणी. अन्नात कालवायचं नाही. नळी अडली तर जोर करायचा नाही, फोन करायचा."

नर्स गेल्यावर त्याने कचऱ्याच्या बादलीतली जुनी नळी उचलली आणि खिशातल्या चाकूने चिरली. आत पिवळट, चिकट, आंबूस गाळ. बोटाला लागला तो सुटेना. लोकांच्या मोरीतून काढायचा तोच ऐवज, फक्त हा त्याने स्वतः ओतलेला.

"शी!"

पलंगावरून घोगरा आवाज आला. बायकोने भिंतीकडची मान वळवली होती, नाक मुरडलं होतं.

"टाका ते आधी. आणि हात धुवा."

त्याने कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा. मग पिचकारीत नुसतं पाणी भरलं आणि अंगठा सैल ठेवून तिच्याजवळ बसला.