सोलरवरची गोधडी

वर गच्चीवर धप्प आवाज झाला... अन् माझ्या दाराला बाहेरून कडी. "आत्या! ओ आत्या!" मी वरडले. आत्या म्हंजी माझ्या सासूबाई. नुसत्या बांगड्या वाजत व्हत्या, स्लॅबवर घासल्यावानी, माझ्या डोक्याच्या बरोबर वर. पडेगावचं हे घर नवं, आतली कडी बसवायची राह्यलेली, वाऱ्यानं दार उघडायचं, म्हणून वर जाताना त्या बाहेरून लावून जायच्या... बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून. फोन म्होरल्या खोलीत. हे कंपनीत, बिडकीनला. खिडकीला गज. पोरीनं टाहो फोडलेला. मी गजाला धरून हाका मारल्या, दाराला लाथा हाणल्या, टाके दुखले... अन् बांगड्या वाजायच्या थांबल्या.

लोकं म्हणत्यात, इसर. कसं इसरू?

घर बांधायचं ठरलं तवा ह्यांचं सगळं ध्यान गेटावर अन् टाइल्सवर. आत्यांनी पाया खांदायच्या आधीच इचारलं, "पाणी कशावर तापवायचं?" हे म्हणले, "बघू की आई नंतर." "नंतर कसं? नळ्या भितीत जायच्या हायत. नंतर काय घर उकरतो का?" त्यांचं माहेर मेंढरावालं, उन्हाची सवय लई. कोऱ्या स्लॅबवर दिवसभर बसल्या, शेजारच्या लिंबाची सावली कुठवर येती ते बघत, अन् सोलरची जागा खडूनं आखून आल्या. दुकानदाराला म्हणल्या, "आभाळ आलं तर?" तो म्हणला, "मावशी, कोमट तरी येतंच." "कोमट पाण्यानं बाळंतीण शेकत नसती, बाबा!" पण घेतला सोलर. मला एकटीला सांगितलं त्यांनी, "माझ्या बाळंतपणात ओल्या काड्या फुकून फुकून डोळं गेलं माझं. तुझं न्हाणं धुराबिगर व्हईल, पोरी." अन् झालं. रोज सकाळी वाफाळलेली बादली घेऊन यायच्या, हसायच्या, "सूर्यनारायणाला घरगडी ठेवलाय आपण, बिनपगारी!"

त्या दिवशी ऊन लई व्हतं, आश्विनातलं. पाणी निसतं उकळतं यायचं, अन् नळाला पाणी आलं नव्हतं म्हणून विसणाला गारच नाय. "लेकराला भाजंल," म्हणल्या अन् सोलरच्या काचेच्या नळ्यांवर गोधडी झाकायला वर गेल्या. माझ्याच बाळंतपणाला शिवलेली गोधडी... मागच्या गल्लीतली भाभी पळत आली माझं वरडणं ऐकून. "क्या हुआ गे? दरवाजा कौन लगाया?" कडी काढली. मी पोरीला घेऊन तिच्या मागं जिना चढले. आत्या नळ्यांशेजारी पडलेल्या, एक हात गोधडीच्या गाठीवर. डॉक्टर म्हणले, हार्ट, लगेच गेल्या. लगेच गेल्या... मंग बांगड्या कुणाच्या वाजत व्हत्या?

माणसं जमली तसं मला परत खोलीत घातलं. ओली बाळंतीण, मढ्याजवळ नको. अन् बाहेरून परत कडी. अंगणात सेंट्रिंगच्या फळ्या फोडून चूल पेटवली, त्यांच्या आंघोळीचं पाणी तापवायला. मी आतून वरडले, "सोलरच्या नळाला गरम पाणी हाय! त्यांनीच तापवलेलं हाय! धूर नको..." चुलत सासूबाई दारापाशी येऊन म्हणल्या, "बाळंतिणीच्या पाण्यानं मढं धुत्यात व्हय गं? याड लागलं का?" धूर माझ्या खिडकीतून आत आला. मी पोरीचं तोंड पदरानं झाकलं. त्यांचं तोंड मला शेवटचं दिसलं ते गजातून, तेबी धुरात.

आता आतली कडी ह्यांनी बसवलीया. तरी मला त्या खोलीत दम कोंडतो, दार सताड उघडं ठेवून बसते. अन् वर गोधडी हाय तशीच. तीन कोपऱ्यांना आत्यांच्या हाताच्या गाठी, चौथा मोकळा, वाऱ्यानं फडफडतो, त्याचा आवाज खाली येतो. नळाला पाणी कोमट येतं. कार्तिकाची थंडी पडलीया, पोरगी न्हाताना कुडकुडती, ओठ निळं पडत्यात तिचं. हे रोज इचारत्यात, "काढू का गं गोधडी?" आत्या असत्या तर कवाच काढली असती, लेकरासाठी, मला शिव्या देत. समदं कळतं मला. पण त्या गाठी एकदा सोडल्या का परत त्या हातानं कोण बांधणार... तुम्ही माझ्या जागी असता तर सोडल्या असत्या का?